समोरचे सहा दात

गल्लीत त्या घराला 'बत्तीशी' म्हणत. पाटीवर 'दंत प्रयोगशाळा' असं भारदस्त काहीतरी लिहिलेलं होतं, पण पोस्टमनसुद्धा पत्ता विचारताना 'बत्तीशी कुठे' असंच विचारायचा. खाली दोन खोल्यांत काम, वर दोन खोल्यांत संसार. शहरातले दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाची मापं घेऊन इथे पाठवायचे. त्या मापांत प्लास्टर ओतून साचे निघायचे, साच्यांवर मेणात दात बसायचे आणि आठवड्याभरात कुणाच्या तरी तोंडात जायला कवळी तयार व्हायची. हा सगळा कारभार वडिलांचा. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या तोंडात साठीलाच एकही दात उरला नव्हता, आणि कवळी काही ते घालत नसत. कुणी छेडलं तर म्हणायचे, मला आतलं सगळं माहीत आहे, मला कशाला फसवता.

आई मुली लहान असतानाच गेली. थोरली आणि धाकटी अशा दोघी वडिलांच्या हाताखाली मेणाच्या वासात वाढल्या. थोरलीला घरात ताई म्हणत, धाकटीला चिमी. शाळेतून आल्यावर इतर मुली अंगणात खेळायच्या तेव्हा या दोघी दाढा निवडत बसायच्या. वरच्या डाव्या एका डबीत, वरच्या उजव्या दुसऱ्या डबीत.

वडिलांचे दोन कायदे होते. पहिला म्हणजे, या घरात 'मी केलं' म्हणायचं नाही. कुणीही घासलेली कवळी असो, डॉक्टरांनी विचारलं की उत्तर एकच, 'आम्ही केलं'. चूक झाली तर एकट्याच्या डोक्यावर खापर फुटत नाही आणि चांगलं झालं तर एकट्याच्या डोक्यात हवा जात नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरा कायदा म्हणजे 'कंटाळा' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ताप आलाय म्हणा, पोट दुखतंय म्हणा, रुसलेय म्हणा, सगळं चालेल. पण कंटाळा आला म्हटलं की त्यांचा चेहरा असा पडायचा की जणू मुलीने चोरी केली. त्यापुढे दिवसभर ते बोलायचे नाहीत. त्या न बोलण्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते.

त्यामुळे मुलींनी एक पळवाट शोधून काढली होती. इतर घरांत जसं दूध गॅसवर असतं आणि म्हणून माणसाला दार उघडायला जाता येत नाही, तसं इथे प्लास्टर कालवलेलं असायचं. रबराच्या भांड्यात पाण्यावर पावडर पडली की आठ-दहा मिनिटांत तिचा दगड होतो. तेवढ्या वेळात ती मापात गेली नाही तर सगळी वाया. तेव्हा ज्याने 'प्लास्टर कालवलंय' म्हटलं त्याला जागचं हलवायची कुणाची टाप नव्हती. कुणी जाऊन भांड्यात डोकावूनही बघत नसे. इतका त्या वाक्याचा मान होता.

थोरलीचं वैशिष्ट्य सांगायचं तर समोरचे सहा दात. चार पटाशीचे आणि दोन बाजूंचे दोन सुळे. दाढा काय, कुणीही बसवतो. पण हसताना दिसतात ते हे सहा, आणि कवळी खरी वाटते की खोटी ते हेच ठरवतात. शिकाऊ माणूस ते कवायतीला उभे केल्यासारखे सरळ लावतो आणि म्हणून ते लगेच खोटे दिसतात. खऱ्या तोंडात एक दात किंचित वळलेला असतो, एक जरा मागे राहिलेला असतो. कुठला वळवायचा आणि किती, हे थोरलीच्या बोटांना कळायचं. ती साचा दोन-तीनदा हातात फिरवायची, गरम सुरीने मेण जरासं मऊ करायची आणि एक दात केसभर वळवायची. झालं. त्या प्लास्टरच्या गोळ्याला एकदम माणसाचं तोंड फुटायचं. वडील बघायचे आणि काही न बोलता पुढच्या कामाला लागायचे. त्यांच्याकडून मिळणारी शाबासकी ती एवढीच.

चिमीचा हात चांगला होता, पण तेवढाच. ती चटपटीत, बोलकी, कुणाशीही दोन मिनिटांत ओळख काढणारी. थोरली मुळात अबोल आणि त्यातून आळशी नव्हे पण जडशी. बसली की बसली.

थोरली एकवीस वर्षांची होती आणि चिमी एकोणीसची, तेव्हाची गोष्ट. दुपारी मोठ्या इस्पितळातून फोन आला. तिथल्या दातांच्या विभागाचे मुख्य डॉक्टर विचारत होते की एका निवृत्त तिकीट तपासनिसाची कवळी तुम्ही केलीत ना, तिचे समोरचे दात लावणाऱ्याला जरा इकडे पाठवा. आजची दुसरी कवळी पोचवायचीच आहे तर तीही त्याच्याच हाती द्या. कशासाठी ते सांगितलं नाही. वडिलांनी फोन ठेवला आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "ताई, तू जाऊन ये गं."

थोरली तेव्हा नुकताच चहा ओतून बसली होती. चपला पायांतून सुटल्या होत्या आणि एक चप्पल बाकाखाली कुठेतरी गेली होती. तिने बसल्या बसल्या पायाने चाचपून पाहिलं. सापडली नाही. वाकायला हवं होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. इस्पितळ म्हणजे दोन जिने, अनोळखी माणसं, कोण कुठली म्हणून विचारपूस. तिच्या अगदी जिवावर आलं.

"प्लास्टर कालवलंय," ती म्हणाली.

भांडं कोरडं होतं. तिच्या समोर, हाताच्या अंतरावर, पालथं घातलेलं होतं. वडिलांनी मान हलवली आणि चिमीला हाक मारली. कुणीही गेलं तरी त्यांना सारखंच. चिमी केस सारखे करत कवळीचा डबा घेऊन निघाली. ती गल्लीच्या टोकाला गेली असेल नसेल तोवर थोरलीला आपल्या खोटेपणाची लाज वाटली, आणि तिने उठून खरंच प्लास्टर कालवलं. चप्पल तेव्हा लगेच सापडली.

संध्याकाळी चिमी परत आली ती गोंधळलेली. डॉक्टरांनी विचारलं, हे दात कुणी लावले. आपण म्हटलं, आम्ही. मग त्यांनी खांद्यावर थाप मारली, कुणाला तरी बोलावून दाखवलं आणि सांगितलं की इस्पितळाच्या नव्या प्रयोगशाळेत दोन वर्षांचं शिक्षण आहे, राहणं-जेवण त्यांचं, आणि त्यातून चांगले निघतील ते परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जाणार. सोमवारपासून यायचं. एवढंच तिने सांगितलं आणि ती मोरीत जाऊन बराच वेळ हातपाय धूत बसली.

वडील म्हणाले, "आम्हीच तर केलं. खोटं काय आहे त्यात?"

आता इथे थोरलीला तोंड उघडता आलं असतं. ते दात माझे, असं एक वाक्य. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग तू का नाही गेलीस. त्याचं उत्तर प्लास्टर. आणि ते उत्तर पुन्हा एकदा, या वेळी चिमीच्या डोळ्यात बघून द्यायचं. रविवारभर ती मूग गिळून बसली आणि सोमवारी चिमी पिशवी घेऊन गेली. वडिलांनी तिच्या जागी दुसरं कुणी ठेवलं नाही. दोघांचं काम थोरलीवर आलं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या बारा वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही. वडिलांचे हात थरथरायला लागले तसे ते गिऱ्हाइकांशी बोलण्यापुरते उरले. थोरली सकाळी आठला खाली उतरायची आणि दिवेलागणीला वर चढायची. एकदा एका चष्मेवाल्याच्या घरून तिच्यासाठी विचारणा आली. माणूस बरा होता. कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवायचं राहून गेलं. तिकडून पुन्हा कुणी विचारलं नाही. त्याचंही तिला काही वाटलं नाही. कुणी विचारलं, कशी आहेस, तर ती म्हणायची, बरी आहे, आणि ते खरंच होतं. दुखत काहीच नव्हतं. दातात इंजेक्शन दिल्यावर ओठ जसा आपला असून आपला नसतो, तसं काहीसं ते होतं, आणि ते उतरतच नव्हतं.

फक्त एक सवय तिला लागली होती. दाढा बसवताना डोकं रिकामं असतं, तेव्हा ती दुसरीकडे बघायची. दुसरी म्हणजे ती स्वतःच, पण त्या दुपारी उठून गेलेली. त्या दुसरीला चप्पल चटकन सापडली होती. डॉक्टरांनी विचारल्यावर ती म्हणाली होती, मी लावले. पुढे ती परदेशात गेली होती. तिला तिथे उजेडातलं टेबल मिळालं होतं. ती तिथली भाषा शिकली, तिला चष्मा लागला, एका मैत्रिणीशी तिचं भांडण झालं आणि मिटलं. थोरली तिचं सगळं बारकाईने ठरवायची. पडदे कुठल्या रंगाचे, जेवायच्या सुट्टीत ती कुठे जाऊन बसते, हे सगळं. त्यात हेवा नव्हता की हळहळ नव्हती. पहिली दोन-तीन वर्षं असेल थोडी, मग तीही गेली.

आणि तिथे प्रत्यक्षात कोण होतं, तर चिमी. ती दर रविवारी फोन करायची. बरं आहे ना, बरं आहे, बाबा कसे, बरे आहेत. कामाचं विचारलं की विषय बदलायची. थोरलीला वाटायचं, आता मोठी झाली, आपल्याशी काय बोलणार कामाचं. वर्षाकाठी तिच्याकडून एक खोकं यायचं. त्यात मेणाच्या सुऱ्या, बारीक ब्रश, इथे न मिळणारे दातांचे संच, सगळं समोरच्या दातांच्या कामाचं. थोरली ते जपून वापरायची आणि मनात म्हणायची, बघा, मिरवतेय. वडील मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सुऱ्या दाखवायचे. आमची चिमी तिकडे मोठ्या ठिकाणी आहे, असं म्हणताना त्यांचं बोळकं तोंड इतकं फाकायचं की समोरचा दंतवैद्यही बघत राहायचा.

परदेशी गेल्यापासून चिमी दोनदा येऊन गेली होती, दोन्ही वेळा चार दिवसांसाठी. या खेपेला ती तीन आठवड्यांची रजा टाकून आली. वाळली होती. बोलणं कमी झालं होतं. पूर्वी ही बोलायची आणि थोरली ऐकायची, आता दोघी गप्प बसायच्या आणि वडील बोलायचे. दुसऱ्या दिवसापासूनच ती खाली येऊन कामाला बसायला लागली. नको म्हटलं तरी ऐकेना. पण एक गोष्ट थोरलीच्या ध्यानात आली. चिमी साचा घ्यायची, मागच्या दाढा झपाझप आणि सुरेख बसवायची, आणि समोरची जागा मोकळी सोडून साचा थोरलीकडे सरकवायची. दरवेळी. एकदा थोरली म्हणाली, कर की पूर्ण. चिमी म्हणाली, तूच कर. थोरलीने समजूत करून घेतली की मोठ्या ठिकाणी अशी कामाची वाटणी असेल.

एका सोमवारी दुपारी वडील वर झोपले होते. चिमीने हात धुतले, पुसले आणि पिशवीतून कागद काढून बाकावर ठेवले. एक अर्ज होता. तिच्या प्रयोगशाळेत समोरचे दात लावणाऱ्याची जागा निघाली होती. अर्जाबरोबर सहा दातांचा एक नमुना पाठवायचा, शुक्रवारपर्यंत. तिने वरिष्ठांशी बोलून ठेवलं होतं. बहिणीला बोलवायचंय म्हणून त्यांना सांगितलं होतं. बाबांनाही आपल्याबरोबर नेता येईल, त्यांना मी विचारलंय, ते तयार आहेत, असंही ती म्हणाली.

थोरली कागदाकडे बघत राहिली. तिच्या छातीत काहीतरी हललं. फार नाही, पण हललं. तेहेतीस म्हणजे काही जगबुडी नव्हे, असा एक विचार तिच्या मनात आला. इतकी वर्षं जिला ती नुसती बघत होती तिच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. तिने अर्ज हातात घेतला.

"अजून एक आहे," चिमी म्हणाली. "हे मी माझ्या वरिष्ठांना देणार आहे. आधी तू ऐक."

तिने एक पत्र वाचायला घेतलं. तिकडच्या भाषेत होतं, ते ती वाचता वाचता सांगत गेली. बारा वर्षांपूर्वी ज्या कवळीमुळे माझी निवड झाली ती माझ्या बहिणीने केली होती. डॉक्टरांनी मला विचारलं, आम्ही म्हणजे तू का. मी गप्प राहिले. मला कुणी अडवलं नव्हतं, मला नाही म्हणायला वेळ होता, डॉक्टर माझ्याकडे बघत थांबले होते. मी मुद्दाम गप्प राहिले. माझी बहीण त्या दिवशी येऊ शकली नाही, कारण तिच्या हाती प्लास्टर कालवलेलं होतं. ती तिचं काम टाकून उठली नाही आणि मी तिच्या कामावर निघून गेले. ती जागा तिची आहे.

वाचून झाल्यावर तिने कागदाची नीट घडी घातली. हे दिल्यावर तिच्या नोकरीचं काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं, आणि तसं ती म्हणालीही. काढूनही टाकतील. टाकू देत.

थोरलीला फक्त गप्प बसायचं होतं. तिला ते उत्तम येत होतं, बारा वर्षांची सवय होती. गप्प बसली असती तर खुर्ची मिळत होती, आणि तीही न्याय म्हणून. तिने अर्ज बाकावर परत ठेवला.

"चिमे, भांडं कोरडं होतं."

"कुठलं भांडं?"

"प्लास्टरचं. त्या दिवशी. मी काही कालवलं नव्हतं."

चिमीला कळायला वेळ लागला. तिने विचारलं, पाणीही घेतलं नव्हतं का. थोरली म्हणाली, नाही, पालथं होतं. मग का नाही आलीस, असं चिमीने विचारलं. आजारी होतीस का, कुणाची भीती वाटली का, बाबा काही बोलले होते का. एकेक कारण ती पुढे करत गेली, आणि यातलं एखादं तरी घे म्हणून जणू दाताच्या कण्या करत होती. थोरलीने प्रत्येकाला नकारार्थी मान हलवली.

"कंटाळा आला होता," ती म्हणाली.

चिमी हसली नाही आणि चिडलीही नाही. ती स्टुलावर बसली आणि आपल्या हातांकडे बघायला लागली. मग तिने जे सांगितलं ते दुसऱ्याच कुणाबद्दल असावं अशा आवाजात सांगितलं. इस्पितळात पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यापुढे समोरचे सहा दात ठेवले. ती म्हणाली, मला दाढाच येतात. त्यांना वाटलं, पोरगी लाजतेय. पुन्हा ठेवले. पुन्हा ती तेच म्हणाली. दाढांच्या सफाईवरच तिला परदेशी पाठवलं, तिथेही तेच. समोरच्या दातांची माणसं वरच्या मजल्यावर बसतात, ती तळघरात, दाढांच्या टेबलावर. दहा वर्षं तेच टेबल. तिच्यानंतर आलेले वर गेले. तिला दोनदा वर बोलावलं, दोनदा तिने अंग काढून घेतलं. आधीच एक घेतलं होतं, त्यावर आणखी कसं घेणार. बरोबरीच्या सगळ्या जणी सुट्टीला फिरायला जायच्या, ती जात नसे. एकाने लग्नाचं विचारलं होतं, त्यालाही तिने नाही म्हटलं. ताई तिकडे खुर्चीला खिळलीय आणि आपण कसं, असं वाटायचं.

"मला वाटलं तू कामामुळे अडकलीस," ती म्हणाली. "कामामुळे अडकलेल्या माणसाचं मी घेतलं, असं मला वाटत होतं."

एवढी वर्षं मनातल्या मनात तिने वरच्या मजल्यावरच्या एका बाईचं आयुष्य मांडलं होतं, आणि निदान ते चिमी जगतेय असं धरून चालली होती. ते कुणीच जगत नव्हतं. तिला वाईट वाटलं. इतकं वाईट तिला आई गेल्यावरही वाटलं नव्हतं. तिने चिमीच्या खांद्यावर हात ठेवला, तो चिमीने ठेवू दिला, पण तिचा खांदा होता तसाच राहिला.

पत्र चिमीने फाडलं. अर्जाचं मात्र थोरली सोडेना. ती म्हणाली, मी येत नाही, ती जागा आता मला नको, पण तू भर. तुझ्या नावाने भर. तळघरातून वर जा. तू काही चोरलेलं नाहीस, मी टाकून दिलेलं तू उचललंस. चिमी म्हणाली, मला येत नाही ताई. थोरली म्हणाली, येईल, हात विसरत नाही. एवढ्या शब्दांचं बोलणं तिने वर्षभरात केलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी चिमी नमुना करायला बसली. साचा एका म्हाताऱ्या बाईंचा होता. थोरलीने चांगल्यातला संच काढून दिला, चिमीनेच कधीतरी खोक्यातून पाठवलेला. मंगळवारी सहा दात लावून झाले, तिला पटले नाहीत, तिने काढले. बुधवारी पुन्हा लावले, पुन्हा काढले. वडील जिन्यावरून डोकावून परत फिरले. थोरली शेजारच्या बाकावर आपलं काम करत होती आणि तिरक्या नजरेने बघत होती. तिने ठरवलं होतं की हात लावायचा नाही. एकदा लावला की मग नमुना पुन्हा तिचाच होणार होता, आणि चिमी पुन्हा दुसऱ्याच्या दातांवर वर चढणार होती.

गुरुवारी दुपारी चिमीने साचा तिच्यापुढे ठेवला. दात नीट होते. उंची बरोबर, रेघ बरोबर, हिरडीचं मेण गुळगुळीत. चूक म्हणून कुठे बोट ठेवता आलं नसतं. आणि दहा पावलांवरूनही कवळी म्हणून ओळखू येत होते. शुक्रवारी सकाळी खोकं निघायचं होतं. थोरलीच्या बोटांना आपसूक कळलं होतं, डावा मधला, केसभर, आतल्या बाजूला. तिने हात पदराखाली घेतले.

"सरळ झालेत," ती म्हणाली. "एखादा जरा वळव."

"कुठला?"

"तो तूच ठरव. तुला बघून वाटेल तो."

चिमीने सुरी गरम केली. साचा हातात घेतला, उजेडाकडे धरला, या बाजूने फिरवला, त्या बाजूने फिरवला. सुरी गार झाली. तिने पुन्हा गरम केली, एका दाताशी नेली, तिथून काढून दुसऱ्याशी नेली आणि तशीच हवेत धरून बसली. थोरली वाट बघत होती. वर वडिलांचा खोकण्याचा आवाज आला आणि थांबला.

"किती वळवू ते तरी सांग," चिमी म्हणाली.

"वाटेल तितका. मनाला वाटेल तितका."

चिमीने सुरी बाकावर ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. घड्याळात किती वाजले ते सांगावं इतक्या साधेपणाने ती बोलली.

"मला काही वाटतच नाही गं, ताई."

मग तिने साचा होता तसा कापसात गुंडाळला, खोक्यात ठेवला आणि वरून चिकटपट्टी लावली.